दुपारी तीनची ताकद

योगिनी घरत सहा वर्षं सागरतट टर्फ क्लबच्या तबेल्यात घोडे तयार करत होती, आणि सहा वर्षं ते घोडे शर्यतीत दुसरेच लोक पळवत होते.

रोज पहाटे तळवलीहून स्कूटर काढायची आणि साडेपाचच्या आत जासईला पोचायचं. कंटेनर यार्डाच्या मागे भराव घालून क्लबने रेसकोर्स उभं केलं होतं, तिथे एकामागून एक पाच घोड्यांना व्यायाम द्यायचा. मग खरारा, पाय तपासणं, दाण्याची पोती ओढणं. दहाच्या सुमाराला मालक लोक गाड्यांतून उतरायचे तोपर्यंत घोडे चकाकत उभे असायचे आणि योगिनीच्या कपड्यांना शेणाचा वास येत असायचा. मालक घोड्यांशी बोलायचे, तिच्याशी नाही.

घोड्यांत ती वाढलीच होती. वडील गोटीराम वरातीसाठी घोड्या भाड्याने द्यायचे आणि हौस म्हणून घोडागाडीच्या शर्यतीत उतरायचे. मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी मुलीला शिकवलं. ते गेल्यावर घोड्या विकल्या गेल्या, चाळीतल्या आठ खोल्यांच्या भाड्यावर आईचं, गोजराचं, घर नीट चालू लागलं. पोरीने बँकेत चिकटावं असं गोजराला वाटत होतं. पोरगी तबेल्यात चिकटली.

दोन वर्षांपूर्वी योगिनीने जॉकीचं लायसन्स काढलं. परीक्षा तीच, वजनकाटा तोच, फी तीच. फरक नंतर सुरू झाला. वर्षभरात तिला चार शर्यती मिळाल्या आणि चारही घोडे असे, की त्यांच्या मालकांनीसुद्धा त्यांच्यावर पैसे लावले नव्हते. शिवाय आठ मार्चला एक ‘लेडीज स्पेशल’ असायची. त्या दिवशी स्टॅंडला गुलाबी फुगे लागायचे, हॅटची स्पर्धा व्हायची आणि अध्यक्ष माइकवर नारीशक्तीबद्दल बोलायचे. बोलून झालं की योगिनी कपडे बदलायला गवत कापायच्या यंत्राच्या खोलीत जायची, कारण जॉकी रूम पुरुषांची होती आणि बायकांसाठी खोली बांधायचा ठराव सहा वर्षं ‘विचाराधीन’ होता. हॅटच्या स्पर्धेसाठी मात्र दरवर्षी नवा मांडव पडायचा.

तिचा ट्रेनर अभिराम हा नेरूळचा, गोडबोल्या माणूस. त्याच्या तोंडून कधी वाईट शब्द गेला नाही. “योगिनी, तू आमच्या घरचीच,” तो म्हणायचा. घरच्या माणसाला पगाराचं पत्र द्यावं लागत नाही, रोजंदारीवर भागतं, हे त्याला बरोबर माहीत होतं. शर्यतीचा विषय निघाला की तो मान हलवायचा. “तुझा हात सुंदर आहे गं. पण रेसला ताकद लागते.”

साडेचारशे किलोचं बिथरलेलं जनावर सकाळी सहाला आवरायला तिची ताकद पुरायची. दुपारी तीनला, शर्यतीच्या वेळी, ती कुठे जाते, हे अभिरामने कधी सांगितलं नाही.

मागच्या पावसाळ्यानंतर सुधीरशेठची घोडी आली. सुधीरशेठ बिल्डर. त्यांच्या नव्या टॉवरचं नाव ‘क्रीक व्ह्यू’, म्हणून घोडीचंही नाव त्यांनी ‘क्रीक व्ह्यू’ ठेवलं. शर्यतीत निवेदक ओरडेल तेव्हा फुकटात जाहिरात होईल, हा हिशोब त्यांनी सगळ्यांना हसत हसत सांगितला. तीन वर्षांची तांबूस घोडी होती, कपाळावर पांढरा ठिपका. योगिनी तिला चिमणी म्हणायची.

चिमणी वाऱ्यासारखी धावायची, पण स्टार्टिंग गेटमध्ये शिरायची नाही. शर्यत सुरू होताना घोड्यांना लोखंडी कप्प्यांत उभं करतात, घंटा वाजते आणि समोरची दारं फाडकन उघडतात. लहानपणी कुणीतरी तिला मारूनमुटकून त्यात कोंबलं असणार. गेट पन्नास पावलांवर असतानाच तिला घाम फुटायचा. पहिल्या आठवड्यात तिने दोन रायडर पाडले. दोघांनीही तिच्यावर बसायला नकार दिला, आणि अभिराम म्हणाला, “योगिनी, तू बघ जरा.”

योगिनीने चार महिने बघितलं. व्यायाम झाला की ती चिमणीला मैदानाच्या टोकाला नेऊन यार्डाच्या कुंपणापाशी उभी करायची. पलीकडे क्रेन रिकामे कंटेनर एकावर एक ठेवत असे. धाडकन आवाज झाला की घोडी थरथरायची, आणि योगिनी खाली उतरून तिच्या तोंडाशी गाजर धरायची. महिन्याभराने आवाज झाला की चिमणी गाजर शोधू लागली. मग गेट. आधी नुसतं त्याच्याभोवती फिरायचं. मग दोन्हीकडची दारं उघडी ठेवून आरपार जायचं. चाबूक तर तिने हातातसुद्धा घेतला नाही. एकच गोष्ट ती पाळायची. गेटच्या दोन पावलं आधी थांबायचं, लगाम सैल सोडायचा आणि चिमणीला हवं तेवढं बघू द्यायचं. बघून झालं की ती आपणहून आत जायची.

जानेवारीत चिमणी दारं बंद असतानाही गेटमध्ये कान टवकारून शांत उभी राहिली. अभिरामने टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी त्याने शर्यतीसाठी नाव दिलं.

“शिवतेज बसेल,” तो दुसऱ्या दिवशी म्हणाला.

योगिनी खोगीर उतरवत होती. “सर, तिला माझी सवय आहे.”

“म्हणूनच तर. तू तयार केलीस, आता तो जिंकून देईल. टीमवर्क.”

“मग टीममधली मी एकदा तरी बसू का?”

“सुधीरशेठ ऐकणार नाहीत गं. मी काय करू?”

सुधीरशेठना त्याने विचारलंच नव्हतं. हे तिला नंतर कळलं, पण त्या क्षणी त्याच्या तोंडाकडे बघूनच अंदाज आला होता.

शिवतेज दोन वेळचा चॅम्पियन. तो शर्यतीच्या आदल्या सकाळी पहिल्यांदा चिमणीला भेटला, तेही दहा मिनिटं, फोनवर बोलत. योगिनी त्याच्याकडे गेली. राग बाजूला ठेवून गेली, कारण पाठीवर तो बसणार असला तरी भीती चिमणीला वाटणार होती.

“गेटच्या दोन पावलं आधी थांब. लगाम सैल सोड. तिला बघू दे. आणि चाबूक दाखवू नकोस.”

शिवतेज हसला. “मॅडम, मी साडेतीनशे रेस जिंकल्यात.”

“तिच्यावर बसून किती?”

तो फोनवरच्या मित्राला म्हणाला, “काय नाय रे, इथे शाळा भरलीय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी नऊ घोडे गेटमध्ये शिरले. दहावी चिमणी दोन पावलं आधी थांबली, कारण तिला तसंच शिकवलं होतं. शिवतेजने टाच मारली. ती हलली नाही. त्याने चाबूक उगारून तिच्या मांडीवर ओढला. चिमणी सरळ मागच्या दोन पायांवर उभी राहिली आणि साडेतीनशे शर्यतींचा विजेता पाठीवरून गवतावर आला. त्याचं गळ्याचं हाड मोडलं. मोकळी घोडी अर्धं मैदान पळून यार्डाच्या कुंपणापाशी जाऊन थांबली आणि तिथे उभी राहून मान खाली घालून काहीतरी शोधत राहिली. योगिनी धावत गेली तेव्हा तिच्या खिशात गाजर नव्हतं.

चौकशी तीन दिवसांनी झाली. गारेगार खोलीत क्लबचे तीन स्टुअर्ड बसले होते, म्हणजे शर्यतीचा न्याय करणारी मंडळी. एक निवृत्त अधिकारी, एक कारखानदाराचा मुलगा आणि एक डॉक्टर. दारात योगिनीचं ओळखपत्र तपासलं. लायसन्स मिळूनही तबेल्याच्या पासावर तिचा हुद्दा ‘रायडिंग बॉय’ असाच होता. शिपायाने पास बघितला, तिच्याकडे बघितलं, पुन्हा पास बघितला.

आत अभिराम अतिशय सभ्यपणे बोलत होता. “सर, दोष कुणाचा नाही. पण घोडीला बायकी हाताची सवय लागली. लाड झाले. पुरुषाचा जोर तिला सहन झाला नाही.”

तिघांनी माना डोलावल्या. त्यांच्यासाठी हे शास्त्र होतं.

डॉक्टरांनी चष्म्यावरून योगिनीकडे पाहिलं. “हे काम अजून किती वर्षं करणार? लग्न वगैरे ठरलंय का?”

“शिवतेजला विचारलंत का हे?” योगिनी म्हणाली.

“त्याचा काय संबंध?”

“घोडीवर तो बसला होता, सर. चाबूक त्याने मारला. मी कुंपणापलीकडे होते. पडला तो, आणि लग्नाचं मला विचारताय.”

निवृत्त अधिकाऱ्याने तिला भाषा सांभाळायला सांगितलं. तिची भाषा कुठे बिघडली हे टिपणीत लिहिलं गेलं नाही. शिवतेजला तर बोलावलंच नव्हतं. त्याला विश्रांतीची गरज होती. निकाल असा लागला, की गेटची परीक्षा उत्तीर्ण होईपर्यंत घोडीला शर्यतीत बंदी, आणि ‘घोडी तयार करणाऱ्या कर्मचाऱ्याला’ ताकीद.

घरी गोजराने सगळं ऐकून घेतलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही.

“आनि तो अभिराम गप बसला?”

“तोच बोलला.”

“मेल्याला घोरीची भासा कलत नाय, आनि हा घोरे शिकवतो,” गोजरा म्हणाली. “तुजा बापूस घोरीला कदी चाबूक नाय लावला. तो काय बाई व्हता?”

आईने तबेल्याच्या बाजूने काही बोलायची ही पहिलीच वेळ होती. योगिनीला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

गेटच्या परीक्षेला चिमणीवर बसायला एकही जॉकी तयार होईना. एकाची पाठ धरली होती, दुसऱ्याने आधीच कुणाला शब्द दिला होता, तिसरा फोन उचलत नव्हता. ज्या ताकदीच्या गोष्टी होत होत्या ती ताकद त्या आठवड्यात अख्ख्या क्लबातून रजेवर गेली. शेवटी योगिनी बसली. दोन पावलं आधी थांबली, लगाम सैल सोडला. चिमणीने आत पाहिलं, फुरफुरली आणि गेली. तीनदा नेली, तीनदा गेली. सही करणाऱ्या अधिकाऱ्याने “अरे, ही तर शांतच आहे” असं म्हणून कागद दिला.

पुढच्या शर्यतीलाही तोच प्रश्न आला, आणि उत्तरही तेच. सुधीरशेठ तबेल्यात आले, पहिल्यांदाच योगिनीकडे नीट बघून म्हणाले, “आता काय, बाई तर बाई. पण बिल्डिंगचं नाव खराब व्हायला नको हां.”

फलकावर तिचं नाव ‘वाय. घरत’ एवढंच लागलं. पैज लावणाऱ्यांना वाय म्हणजे कोण हे माहीत नव्हतं. घोडे फेरी मारायला आले आणि हेल्मेटखालची वेणी लोकांना दिसली, तसा बुकींनी तिच्यावरचा भाव दुप्पट केला, म्हणजे ती हरणार हे धरूनच चालले. कुंपणापाशी उभा असलेला एक माणूस ओरडला, “ए बाई, घरी जाऊन भाकऱ्या थाप!” त्याच्या बाजूचे हसले. योगिनीने तिकडे पाहिलं नाही, पण वाक्य तिला शब्दन् शब्द ऐकू आलं.

चौदाशे मीटर. चिमणी गेटमधून अर्धा श्वास उशिरा निघाली. योगिनीने तिला घाई केली नाही. पहिली वळणं सहाव्या नंबरवर काढली, मातीचे गोळे तोंडावर घेत. बाकीचे जॉकी वळणावर आत दाबत होते. एकाने कोपर मारलं, तिने कोपर परत केलं. शेवटच्या सरळ पट्ट्यात समोर फट पडली. तिने हात पुढे सोडले, कानाशी जीभ चुकचुकवली. बस, एवढंच. चिमणी त्या फटीतून अशी निघाली की योगिनीला क्षणभर वाटलं, आपण बसलो नाही, मागे राहून गेलो. घोड्याच्या दीड लांबीने जिंकली.

निवेदक “क्रीक व्ह्यू! क्रीक व्ह्यू!” करून घसा फोडत होता. सुधीरशेठच्या पैशांचं चीज झालं. कप शेठनी घेतला, अभिरामने शाल घेतली, आणि जिंकलेल्या जॉकीला घड्याळ देतात ते योगिनीला मिळालं. पुरुषी घड्याळ, शेवटच्या भोकापर्यंत पट्टा ओढूनही मनगटावर गोल फिरणारं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात अभिरामची मुलाखत होती. अवघड घोडीला आपण प्रेमाने कसं जिंकलं, याबद्दल तो अर्धा रकाना बोलला होता. शिवतेज जिंकला की तो जादूगार असायचा. योगिनी जिंकली तेव्हा घोडी चांगली होती.

सात आठवड्यांनी मोसमातली सगळ्यात मोठी शर्यत होती, सागरतट कप. शिवतेजचं हाड तोपर्यंत जुळणार होतं.

“मोठी रेस आहे गं,” अभिराम म्हणाला. “आता घोडी सरळ झालीये. शिवतेजला अडचण नाही येणार.”

“सर, ती जिंकलीय माझ्याबरोबर.”

“जिंकली ना! आनंदच आहे. पण कपला ताकद लागते.”

योगिनी चिमणीच्या पायाला पट्टी गुंडाळत होती. ती पूर्ण गुंडाळली, टोक नीट खोचलं आणि उठून उभी राहिली.

“उद्यापासून मी येणार नाही.”

“म्हणजे? अगं, सकाळचं काम कोण करेल?”

“ताकद असलेला कुणीतरी.”

“असं एका दिवसात सोडता येत नाही.”

“रोजंदारीवर आहे मी, सर. एका दिवसातच सोडता येतं.”

योगिनी तबेल्याबाहेर आली, स्कूटरपर्यंत गेली आणि तिथे पाच मिनिटं नुसती उभी राहिली. चिमणीचा निरोप घ्यायला परत जावं असं वाटत होतं. गेली असती तर राहिली असती, म्हणून गेली नाही.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला चांगदेव नावाच्या जुन्या ट्रेनरचा छोटा तबेला होता. साठीचा, उरणकडचा, तोंडाने फटकळ. त्याच्याकडे दोन घोडे गेटमध्ये जात नव्हते आणि एक गेटमधून बाहेर येत नव्हता. योगिनी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“तिघांना सरळ करते. पण लिहून द्या. ज्याला मी तयार करेन, त्याच्यावर रेसला मीच बसेन.”

“बाईला बसवली तं लोक हसतील मना.”

“आत्ता तुमचे घोडे गेटबाहेर उभे राहतात तेव्हा लोक रडतात का?”

चांगदेवने कागद मागवला. तिचा मान राखून नव्हे. बायकांबद्दल त्याचं मत अभिरामपेक्षा चांगलं होतं असंही नाही. त्याच्याकडे फक्त अडलेले घोडे जास्त होते. योगिनीला ते चाललं. गोड शब्दांवर तिने सहा वर्षं काढली होती, आता सही पुरे होती.

कपच्या आदल्या दिवशी शिवतेज स्कूटर पार्किंगमध्ये तिची वाट बघत उभा होता. खांदा अजून जपून धरलेला.

“ते दोन पावलं आधी थांबायचं… मग पुढे?” त्याने विचारलं. आवाजात मॅडम नव्हतं.

नाही सांगितलं असतं तरी कुणी तिला दोष दिला नसता. पण पाठीवर कुणीही असो, गेटमध्ये चिमणीलाच जायचं होतं. “लगाम सैल. बघू दे. तीच जाईल. आणि शेवटी मारू नकोस, ती तिरकी पळते.”

दुसऱ्या दिवशी त्याने अर्धं ऐकलं. चिमणी शांतपणे आत गेली, झकास निघाली, शेवटच्या दोनशे मीटरला पुढे होती. मग शिवतेजने चाबूक काढला. ती तिरकी पळाली आणि चौथी आली. त्याच शर्यतीत योगिनी चांगदेवच्या काळ्या घोड्यावर सातवी आली. घोड्याची लायकी तेवढीच होती. परत येताना तिला चिमणीच्या मांडीवरचे वळ दिसले. स्वतःच्या सातव्या नंबरपेक्षा ते तिला जास्त लागले. पेपरात आलं, की घोडीचा दिवस नव्हता.

मोसम संपेपर्यंत योगिनीला अठरा शर्यती मिळाल्या. तीन जिंकल्या. त्यातल्या एकीला गोजरा आली होती, पदर खोचून, मिरवणुकीला आल्यासारखी. कुंपणापाशी कुणीतरी भाकऱ्यांचं ओरडला तेव्हा गोजरा वळून म्हणाली, “मी थापतंय ना रोज. तुला किती व्हव्यात?” त्या माणसाने नंतर जागा बदलली.

कपडे बदलायची खोली अजून विचाराधीन आहे.

मेच्या शेवटी अभिरामचा फोन आला. आवाज तसाच, मधाचा. सुधीरशेठने नवा घोडा घेतलाय, गेट बघितलं की लोळण घेतो, तू जरा बघशील का, शेवटी तू आमच्या घरचीच.

“बघते की,” योगिनी म्हणाली. “चांगदेवकाकांनी दिलंय तसं लिहून द्या. रेसला मी.”

“शेठना विचारून सांगतो.”

“या वेळी खरंच विचारा,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. नालबंद आला होता, आणि काळा घोडा पाय देत नव्हता.